गाडीचं नरडं

रात्री मेसमधून जेवून आल्यावर पार्किंगच्या कट्ट्यावर जे अधिवेशन भरतं, त्यात तीनच विषय असतात: मेसची भाजी, सबमिशनची तारीख आणि कुणी गाडीला काय टाकलं. पहिल्या दोन विषयांवर सत्ताधारी आणि विरोधक यांचं एकमत असतं. तिसऱ्यावर मात्र रोज भांडण. मेकॅनिकलवाले तावातावाने बोलतात, कॉम्प्युटरवाले मान डोलावतात आणि सिव्हिलचा एखादा शांतपणे विचारतो, "ते सगळं ठीक आहे, पण ॲव्हरेज किती?"

या अधिवेशनात एक ठराव मात्र दरवर्षी बिनविरोध पास होतो. "कार्ब मोठा टाकला की गाडी पळते." या लेखात मला या ठरावाच्या विरोधात बोलायचं आहे. अगदी पूर्ण विरोधात नाही, कारण तो थोडासा खरा आहे. आणि थोडंसं खरं असलेलंच जास्त महागात पडतं.

तुम्ही म्हणाल, आता कुठे राहिलाय कार्ब्युरेटर? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. मान्य. पण हॉस्टेलात नवी गाडी किती जणांकडे असते? आपल्या पार्किंगमधल्या बऱ्याच गाड्या काकांच्या, मामांच्या, नाहीतर सेकंडहँड आहेत आणि त्यांच्या पोटात अजून कार्ब्युरेटरच आहे. आमच्या आंदर मावळात तर विचारूच नका. तिकडे गाडी जुनी होत नाही, फक्त तिचा मालक बदलतो.

आंदर मावळ माहीत नसलेल्यांसाठी: लोकलने लोणावळ्याकडे निघालात की तळेगाव, वडगावनंतर कान्हे स्टेशन येतं. तिथून उत्तरेला वळलं की टाकवे बुद्रुक, आणि पुढे आंद्रा नदीच्या खोऱ्याने वडेश्वर, नागाथली, खांडी असा रस्ता आत आत जातो. १९२२ साली टाटांनी बांधलेलं ठोकळवाडी धरण याच खोऱ्यात. त्याचं पाणी सह्याद्रीपलीकडे भिवपुरीला उतरवून वीज करतात. आमचं घर वडेश्वरच्या पुढे. चार म्हशी, दोन गाई, पावसाळ्यात भात आणि एक पल्सर १५०. ती माझा धाकटा भाऊ चालवतो. पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून तळेगावात रतीब घालायचा आणि येताना पेंडीचं पोतं घेऊन चढ चढायचा, हा त्याचा रोजचा कार्यक्रम. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडलं. माझं मेसचं बिल त्याच रतिबातून जातं. कार्ब्युरेटरचा हिशोब मला इतक्या बारकाईने का करावा लागला, ते कळावं म्हणून हे सांगितलं.

झालं असं की जुलैतल्या रविवारी आमच्याकडे पुण्या-मुंबईहून धबधबे बघायला गाड्यांची जत्रा येते. त्यांतल्या कुणाच्या तरी १५० ला ३० मिलिमीटरचा स्लाइड कार्ब लावलेला भावाने पाहिला. त्याचा आवाज ऐकला आणि खोऱ्यातल्या सरळ पट्ट्यावर ती गाडी आपल्या गाडीसमोरून उडताना पाहिली. वर्षभर ते त्याच्या डोक्यात राहिलं. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी पोचलो त्याच रात्री त्याने विषय काढला.

"दादा, पावसाच्या आधी गाडीला मोठा कार्बोरेटर टाकायचा हाय. फिटिंगसकट साडेपाच हजार म्हणतोय गॅरेजवाला."

"मागचा टायर गुळगुळीत झालाय, तो आधी बघ की."

"टायर टाकायचा हायेच. पण चढाला गाडी दम तोडती, त्याचं काय? तुझ्या हॉस्टेलची पोरं टाकत्यात ती काय येडी हायेत व्हय?"

मी म्हटलं, हिशोब करून सांगतो. त्यावर तो जे बोलला ते अजून कानात आहे. "तुला इंजिनीअरिंग, मला कॅन. जन्मात एक वस्तू मागितली, तर तिचं बी गणित?"

आबा ओसरीवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. साडेपाच हजार ही आमच्या घरात कुणी सहज 'हो' म्हणावी अशी रक्कम नाही. पण 'नाही' म्हणायलाही कुणाची जीभ रेटेना. मग हिशोब नीट करणं एवढंच माझ्या हातात होतं.

आता जरा तांत्रिक. मेकॅनिकलवाल्यांनी कंटाळू नये, बाकीच्यांनी घाबरू नये.

इंजिन म्हणजे हवेचा पंप. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ज्या नळीतून जाते ती मध्ये अरुंद असते. हेच कार्ब्युरेटरचं नरडं. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. बर्नोलीने १७३८ च्या ग्रंथात मांडलेलं आणि आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात पाच मार्कांना लिहिलेलं तत्त्व ते हेच. दाब घटला की खालच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून वर येतं आणि हवेत फवारलं जातं. म्हणजे कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही, हवाच ते ओढून घेते. हवा जितकी जोरात, तितकी ओढ जास्त आणि फवारा बारीक.

नरडं मोठं केलं की दोन गोष्टी एकदम होतात. जास्त हवेला वाट मिळते, हा फायदा. पण हवा तेवढीच असेल तर ती रुंद वाटेने संथ जाते आणि ओढ कमी होते, हा तोटा. आमच्या आंद्रा नदीचं तसंच आहे. भर पावसात खडकांच्या खोबणीतून ती अशी उसळते की म्हैस वाहून जाईल. तीच खाली भातखाचरांजवळ पसरली की पोरं तिच्यात खेकडे धरतात. पाणी तेवढंच, फक्त पात्र रुंद.

आता आकडे. १५० सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरलं, तर मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर त्याला सेकंदाला सुमारे ९ लिटर हवा लागते. २६ मिमीच्या नरड्यात तिचा सरासरी वेग सेकंदाला १७ मीटर येतो, ३० मिमीमध्ये १३ मीटर. या वेगाला दोन्ही नरडी काम करतात आणि मोठ्यात अडथळा कमी, म्हणून इथे ३० जिंकतो. आता पेंडीचं पोतं घेऊन चढ चढणाऱ्या, ४,००० फेऱ्यांवर असलेल्या गाडीचा पूर्ण थ्रॉटल धरा. २६ मध्ये वेग ८ मीटर, ३० मध्ये ६. (प्रत्यक्षात हवा फक्त इनटेकच्या वेळी आत जाते, त्यामुळे त्या क्षणीचा वेग कितीतरी जास्त असतो, पण दोन्हींमधलं प्रमाण तेच राहतं.) दाबातली घट वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे ८ चे ६ झाले की पेट्रोलची ओढ ४४ टक्क्यांनी कमी! नरडं फक्त ४ मिमी वाढलं, आणि चढावर नेमकी जिथे ओढ हवी तिथे ती जवळजवळ निम्मी झाली.

यात आणखी एक भानगड आहे. कंपनीच्या पल्सरमधला कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवर चालणारा. आपण मूठ पिळली तरी स्लाइड लगेच वर जात नाही. इंजिनला जेवढी हवा झेपेल तेवढीच ती उघडते, त्यामुळे कमी फेऱ्यांवर नरडं आपोआप लहान राहतं. बाजारात 'परफॉर्मन्स' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कार्ब्युरेटरची स्लाइड केबलने थेट मुठीला जोडलेली असते. मूठ पिळली की स्लाइड वर, इंजिन तयार असो वा नसो. हवेचा वेग एकदम पडतो, पेट्रोल येत नाही आणि गाडी क्षणभर गप्प बसते. त्यामुळे माप विचारताना प्रकारही विचारावा लागतो.

मग माप ठरवायचं कसं? एक जुना ठोकताळा आहे. इंजिनची क्षमता लिटरमध्ये घ्या, तिला जास्तीत जास्त ताकदीच्या फेऱ्यांनी गुणा, वर्गमूळ काढा आणि ०.६५ ते ०.९ मधल्या आकड्याने गुणा. उत्तर मिलिमीटरमध्ये. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी मधला ०.७५ धरला आणि पल्सरच्या कार्ब्युरेटरवाल्या घराण्यावर लावून पाहिला. तिघींच्या ताकदीच्या फेऱ्या ८,५०० च्या आसपास. १५० ला उत्तर आलं २६.८, कंपनीने दिलेलं माप २६. १८० ला आलं २९.३, कंपनीचं २९. २२० ला आलं ३२.४, कंपनीचं ३२. रात्री बारा वाजता कंदिलाच्या उजेडात (लाईट गेली होती, नेहमीप्रमाणे) हे तीन आकडे जुळले तेव्हा मला व्हायव्हात पहिल्यांदा बरोबर उत्तर दिल्यासारखं वाटलं. या २२० ची गंमत माहीत आहे ना? ती २००७ मध्ये फ्युएल इंजेक्शन घेऊन आली आणि २००९ मध्ये कंपनीने तिला कार्ब्युरेटर बसवला. ताकद २० पीएसवरून २१ वर गेली. तात्पर्य, योग्य मापाचा कार्ब्युरेटर ही कमीपणाची गोष्ट नाही.

पण खरा धडा बुलेटने दिला. जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट ३५०, ताकद साधारण ५,६०० फेऱ्यांवर. ठोकताळ्याने उत्तर येतं ३३. कंपनीने दिला होता २४! दुप्पट इंजिनाला पल्सर १५० पेक्षाही लहान नरडं. का? कारण ती गाडी पळवायला नव्हे, ओढायला बनवली होती. दोन माणसं, सामान, घाट, आणि गिअर न बदलता डुगडुगत जाणारी चाल. वरच्या फेऱ्यांची थोडी ताकद सोडून दिली आणि खालची ओढ विकत घेतली. कार्ब्युरेटरचं माप इंजिनाइतकंच त्याच्या कामावरही ठरतं, हे मला तिथे उमगलं.

आणि लहान नरड्याला एवढं घाबरायचं कारणही नाही. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत ७१० सीसीपर्यंतच्या इंजिनाला सगळी हवा २० मिमीच्या एका भोकातून घ्यावी लागते, तसा नियमच आहे. चांगले संघ ६०० सीसीच्या इंजिनातून त्या भोकातून सत्तर-ऐंशी हॉर्सपॉवर काढतात. आपली १५० त्यामानाने २६ मिमीत ऐसपैस राहते.

एवढं झाल्यावर भावाला वहीतला हिशोब दाखवला. त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "कागदावर बरोबर असंल." हे वाक्य आपल्या प्रोजेक्ट गाईडच्या वाक्यापेक्षा फार वेगळं नाही. मग मी ठरवलं, चार दिवस रतीब आपणच घालायचा.

पहाटे साडेचारला उठणं हा हॉस्टेलच्या माणसासाठी स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो सोडतो. मी ठरलेल्या जागी टॅकोमीटर बघत होतो आणि पुढच्या थांब्यावर वहीत टिपत होतो. वडेश्वरच्या आसपासच्या वळणांवर ३,५०० ते ४,५००. टाकव्याच्या बाजारात ३,०००. कान्ह्याच्या अलीकडे ४,५००. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर ५,०००. येताना पोतं घेऊन चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ४,०००, आणि तिथून पुढे धाप. सात हजाराच्या वर काटा चार दिवसांत मोजून तीनदा गेला, तोही हायवेला ट्रक मागे टाकताना, काही सेकंदांपुरता. ज्या फेऱ्यांवर मोठा कार्ब जिंकतो, त्या फेऱ्यांवर आमची गाडी राहतच नव्हती. ५,००० फेऱ्या धरून तोच ठोकताळा लावला तर उत्तर येतं साडेवीस मिमी. म्हणजे कंपनीचा २६ आमच्या रतिबाला उलट सढळच.

पण भावाला कागद नको होता, गाडी हवी होती. समोरच्या खोलीतल्या मित्राकडे ३० मिमीचा स्लाइड कार्ब पडून होता. गाडी दुरुस्तीला उघडलेली असल्यामुळे त्याने तो आठवडाभर वापरायला दिला. आधी कंपनीचा कार्ब्युरेटर आम्ही ओट्यावर उघडला. फ्लोट चेंबरच्या तळाशी लालसर गाळ, पायलट जेट निम्मा बुजलेला, एअर फिल्टर पेंडीच्या भुशाने भरलेला. सगळं साफ केलं, प्लग बदलला आणि भावाने चार दिवस गाडी चालवली. मग ३० बसवला, मेन जेट दोन-तीनदा बदलून जमेल तसा जुळवला आणि पुढचे चार दिवस त्यावर.

निकाल प्रामाणिकपणे सांगतो. हायवेवर सात हजारांच्या पुढे ३० वाली गाडी खरंच सुटत होती. भाऊ पहिल्या दिवशी तळेगावहून आला तेव्हा त्याचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा होता. पण पहाटे गार इंजिन चालू व्हायला दहा-बारा किका. चढावर तिसरा गिअर धरेना, पोतं असलं की दुसऱ्यावर यावं लागे. पेट्रोल लिटरला ४८ किलोमीटरवरून ३९ वर आलं. प्लग काढला तर काजळीने काळा. तिसऱ्या दिवशी कान्ह्याजवळ हायवेला लागताना मागून कंटेनर येत होता. भावाने मूठ पिळली आणि गाडी गप्प बसली. एक सेकंद, फार तर दीड. मग सुटली. दोन्ही कॅन भरलेले होते. ती गोष्ट त्याने घरी सांगितली नाही. रात्री गोठ्यात मला एकट्याला सांगितली, आणि चौथ्या दिवशी सकाळी कार्ब स्वतःच्या हाताने काढला.

कंपनीचा बसवल्यावर मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाकलं. चाकाला ओढ साधारण ५ टक्क्यांनी वाढली. त्याच पैशांत चेन सेट आला आणि मागचा टायरही. चढ आता तिसऱ्यावर निघतो. हायवेवर टॉप स्पीड थोडा कमी झाला, तो कुणाला लागत नव्हता.

गणित इथे सुटलं. पण भावाचं ते वाक्य सुटलं नव्हतं. त्याला चार मिलिमीटर जास्तीचं नरडं हवं होतं का? मला नाही वाटत. रोज त्याच रस्त्याने तेच कॅन नेणाऱ्या पोराला त्या गाडीत एक तरी गोष्ट स्वतःच्या आवडीची हवी होती, आणि त्यावर माझ्याकडे ठोकताळा नव्हता. मी एवढंच केलं की सुट्टी संपताना वही त्याच्याकडे ठेवली. जेटचे नंबर कुठे कोरलेले असतात, नीडलची क्लिप एक खाच वर-खाली केल्याने काय होतं, प्लगचा रंग कसा वाचायचा, हे सगळं आम्ही मिळून त्या ओट्यावरच पाहिलं होतं.

गणपतीत घरी गेलो तर ओट्यासमोर तीन गाड्या उभ्या. एक आमच्याच आळीतली, दोन नागाथलीकडच्या. भाऊ मांडी घालून कुणाचा तरी कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये धूत बसला होता, आणि गाडीचा मालक विचारत होता, "मोठा टाकू का रं?"

"आधी सांग, काटा किती वर असतोय?" भाऊ म्हणाला.

मालकाला ते माहीत नव्हतं. भावाने त्याला चार दिवस बघून यायला सांगितलं, आणि पुढचा जेट उजेडात धरून डोळ्याला लावला.